पाठवले म्हणजे पोचले का?

शाळा, वसतिगृहे, सहकारी सोसायट्या, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या यांचे पुष्कळसे अर्ज आता संगणकावर किंवा हातातल्या फोनवर भरले जातात. अर्ज भरला की थोड्या वेळाने एक ई-मेल येतो : ‘आपला अर्ज मिळाला. अर्ज क्रमांक अमुक.’ पुढे निवड झाली, हप्ता भरायचा राहिला, तारीख बदलली, की पुन्हा पत्र येते. ही पत्रे कोणी कारकून बसून लिहीत नाही. संस्थेचा जो प्रोग्राम दूर कुठे तरी भाड्याच्या संगणकावर चालू असतो, तोच ती लिहितो आणि तोच धाडतो. अशा प्रोग्रामला वेब ॲप्लिकेशन म्हणतात, आणि भाड्याच्या संगणकांच्या त्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. असे ॲप्लिकेशन पत्र पाठवते कसे, आलेले पत्र घेते कसे, आणि पत्र वाटेत हरवते कुठे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हरवते असे मुद्दाम म्हटले. समजा, एका मुलीला वसतिगृहात जागा मिळाली. तसे पत्र ९ तारखेला निघाले. १५ तारखेच्या आत कागद घेऊन हजर व्हायचे होते. घरच्यांच्या नजरेस ते पत्र पडलेच नाही, आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. कार्यालय म्हणते, ‘आम्ही पाठवले होते.’ पालक म्हणतात, ‘आम्हाला मिळाले नाही.’ आता गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात. पाठवणे आणि पोचणे यांच्यामध्ये बरेच मोठे अंतर आहे. ते अंतर एकदा नीट पाहून घ्यायला हवे.

प्रथम हा क्लाउड म्हणजे काय ते पाहू. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण आकाशात काही टांगलेले नसते. मोठ्या इमारती असतात. त्यांत संगणकांच्या रांगा, न तुटणारी वीज आणि थंड हवा यांची सोय केलेली असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात व मुंबईत, अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. तेव्हा तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या संस्थेचे ॲप्लिकेशन कदाचित आपल्या राज्यातच चालत असेल. संस्था त्या इमारतीतली एक खोली भाड्याने घेते असे समजा. खोलीला क्रमांक असतो. आज त्या क्रमांकावर एक बिऱ्हाड, उद्या दुसरे. मागच्या बिऱ्हाडाने काही उपद्व्याप केले असतील, तर नव्याला त्या क्रमांकाची बदनामी सोसावी लागते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ई-मेलची मूळ रीत पाहू. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या इंजिनिअरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र पाठवण्याची युक्ती काढली. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने ॲट हे चिन्ह घातले. ते आजही तिथेच आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या टपालाचे नियम लिहून काढले. त्या नियमांना एस.एम.टी.पी. म्हणतात. पाठवणारे यंत्र घेणाऱ्या यंत्राला आधी ‘हेलो’ म्हणते. मग हे पत्र अमक्याकडून आहे, तमक्याला द्यायचे आहे, आणि हा मजकूर, असे क्रमाने सांगते. समोरचे यंत्र प्रत्येक वाक्याला आकड्यात उत्तर देते. २५० म्हणजे ठीक. ५५० म्हणजे घेत नाही; बहुधा त्या नावाची पेटीच इथे नसते. ४ ने सुरू होणारा आकडा आला, तर आत्ता जमत नाही, मागाहून या.

पण पत्र कोणत्या यंत्राकडे न्यायचे, हे कसे कळते? आपल्या टपालात त्यासाठी पिनकोड आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित असलेल्या टपाल अधिकाऱ्याची कल्पना होती. सहा आकडे वाचले की पत्र कोणत्या टपाल कचेरीकडे टाकायचे ते ठरते. ई-मेलमध्ये हे काम ॲट चिन्हाच्या उजवीकडचे नाव करते. त्या नावाला डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेनच्या खाती एक नोंद असते, तिला एम.एक्स. नोंद म्हणतात. ‘या नावाने येणारे टपाल अमुक यंत्राकडे द्यावे’ एवढेच त्या नोंदीत लिहिलेले असते. ती नोंद चुकली, की सगळ्या संस्थेचे टपाल भलतीकडे जाते.

या रीतीत एक उणीव राहून गेली. ज्या काळी हे नियम झाले, त्या काळी या जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. ओळखीपाळखीचा मामला होता. त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे विचारण्याची तजवीज केली गेली नाही. लिफाफ्याच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. इतकेच नव्हे, ई-मेलला लिफाफ्यावर एक नाव आणि आतल्या कागदाच्या माथ्यावर दुसरेच नाव असू शकते. आपल्याला फोनवर दिसते ते आतल्या कागदावरचे. लिफाफा वाचणाऱ्यापर्यंत येत नाही.

व्हायचे ते झालेच. १९७८ सालीच एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने शेकडो लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली होती. पुढे अशा नको असलेल्या पत्रांचा पूर आला. त्यांना स्पॅम म्हणतात. आणि भाड्याचे संगणक स्वस्त झाल्यावर लबाडांचीही सोय झाली. तासभर खोली घ्यायची, लाखभर पत्रे फेकायची, आणि पसार व्हायचे. म्हणून आता मोठ्या क्लाउड कंपन्या टपालाचा जो खास दरवाजा, म्हणजे २५ क्रमांकाचे पोर्ट, तो नव्या भाडेकरूला सहसा बंदच ठेवतात. ॲप्लिकेशन कितीही चांगले लिहिलेले असो, त्याने भाड्याच्या संगणकावरून थेट टपाल टाकू म्हटले तर बहुतेक वेळा ते इमारतीच्या बाहेरच पडत नाही.

मग करायचे काय? टपाल नेऊन टाकणारा एखादा भरवशाचा हमाल धरायचा. अशा सेवा आहेत. अमेझॉनने २०११ साली अशी सेवा काढली. गूगलच्या ॲप इंजिनमध्ये प्रोग्रामला पत्र पाठवण्याची सोय देऊन ठेवली होती. संस्थेचे ॲप्लिकेशन आपली पत्रे या सेवेच्या हवाली करते. त्यासाठी ५८७ क्रमांकाचा वेगळा दरवाजा असतो, आणि तिथे नाव व परवलीचा शब्द सांगावा लागतो. पुढची पायपीट ती सेवा करते. तिचे क्रमांक नावाजलेले असतात, म्हणून समोरची यंत्रे तिचे टपाल सहजासहजी परतवत नाहीत.

पण हे चांगले नाव टिकवायचे तर सेवेलाही आपल्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवावी लागते. अमेझॉनच्या सेवेत नव्या खात्याला सुरुवातीला २४ तासांत २०० च पत्रे धाडता येतात, आणि तीही आधी पडताळून घेतलेल्या पत्त्यांनाच. मर्यादा उठवण्यासाठी अर्ज करावा लागतो. आता आपले वसतिगृह घ्या. ४०० अर्जदार आहेत, आणि निकालाच्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी ध्यानात येते की परवानगी घ्यायचीच राहिली. त्या दिवशी पत्रे निघत नाहीत.

परवानगी मिळाली तरी दुसरा अडथळा आहे तो पत्त्यांचा. अर्ज भरताना घाईत कोणी अक्षर गाळले, कोणी दुकानदाराने स्वतःच सुचेल तो पत्ता टाकून दिला, असे होते. समजा ४०० पैकी ४० पत्ते असे निघाले. ती ४० पत्रे परत येतात. याला बाउन्स म्हणतात. हे झाले शेकडा १०. अमेझॉनच्या नियमाप्रमाणे परत येणारी पत्रे शेकडा ५ वर गेली की खात्याची तपासणी सुरू होते, आणि शेकडा १० वर गेली की पाठवणे थांबवले जाऊ शकते. म्हणजे ४० चुकीच्या पत्त्यांपायी उरलेल्या ३६० मुलांच्या पुढच्या पत्रांवर गदा येते. म्हणून अर्ज भरतानाच त्या पत्त्यावर एक पत्र पाठवून, त्यातला आकडा परत भरून घेण्याची पद्धत आहे. अर्ज भरणाऱ्याला ती कटकट वाटते. पण पत्ता खरा आहे हे त्याच वेळी कळते.

आता खरेपणाच्या खुणांकडे वळू. मूळ नियमांत राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय निघाले. पहिल्याचे नाव एस.पी.एफ. संस्था आपल्या डोमेनच्या खाती जाहीर करून ठेवते की, आमच्या नावाने पत्रे आणण्याचा अधिकार या या यंत्रांनाच आहे. दूध संघाने गावात फलक लावावा, की आमची गाडी अमुक नंबरची, दुसऱ्या कोणाला दूध घालू नका; तसे हे. दुसरा उपाय डीकिम. यात प्रत्येक पत्रावर एक गणिती मोहर उठवतात. मोहर उठवण्याची किल्ली पाठवणाऱ्याकडे गुप्त असते, आणि ती तपासण्याची किल्ली डोमेनच्या खाती सर्वांसाठी उघडी असते. मोहरेखालचा मजकूर वाटेत कोणी बदलला, तर मोहर जुळत नाही. तिसरा उपाय डीमार्क, तो २०१२ साली जाहीर झाला. कागदाच्या माथ्यावरचे नाव आणि पहिल्या दोन खुणांतले नाव जुळते का, आणि जुळले नाही तर पत्राचे काय करायचे, हे यात संस्था स्वतः सांगून ठेवते : येऊ द्या, बाजूला टाका, किंवा परत लावा.

बरीच वर्षे या खुणा केल्या तर बरे, अशा स्वरूपाच्या होत्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा त्याहून अधिक पत्रे धाडणाऱ्याकडे या तिन्ही खुणा हव्यात. शिवाय ‘हे नको’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण हजारी ३ च्या आत राहिले पाहिजे. लहान संस्थेलाही निदान पहिल्या दोनपैकी एक खूण लागतेच. आपल्या वसतिगृहाने खुणा केल्या नाहीत, तर पत्र एक तर परत लागते, नाही तर मुकाट्याने स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते.

आणि हा कप्पाच सर्वांत फसवा, बरं का. कारण तिथे टाकतानाही समोरचे यंत्र ‘२५०, ठीक’ असेच म्हणते. कार्यालयाच्या पडद्यावर ‘पोचले’ असे उमटते. पूर्वी रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती जोडली, तर घेणाऱ्याची सही होऊन ती परत येत असे. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, पण घेणाऱ्याची सही म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. ई-मेलचे ‘ठीक’ ही तशी सही नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पत्र हातात घेतले, एवढाच त्याचा अर्थ. घरात कोणी वाचले की नाही, ते पहारेकरी सांगत नाही.

इथवर पाठवणे झाले. आता घेण्याकडे येऊ, कारण पुष्कळ संस्थांचे दुर्लक्ष होते ते इथेच. पत्राखाली ओळ असते : ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये.’ पालकाला पत्र मिळाले, त्यात मुलीचे नाव चुकले आहे, सांगायचे कोणाला? त्याने उत्तर लिहिले तर ते कोणी वाचत नाही. कित्येकदा ती पेटी मुळी नसतेच, आणि त्याचेच पत्र परत येते. ज्या संस्थेला तोंड आहे आणि कान नाहीत, तिच्याशी व्यवहार करणे कठीण.

खरे पाहता कान लावणे फारसे अवघड नाही. वेब ॲप्लिकेशन स्वतः टपालकचेरी चालवीत नाही. म्हणून एम.एक्स. नोंद टपाल घेणाऱ्या सेवेकडे वळवतात. ती सेवा पत्र घेते, आणि ॲप्लिकेशनच्या ठरलेल्या पत्त्यावर टकटक करून ते आत सरकवते. एखाद्याने वेबवर फॉर्म भरून पाठवावा, तसेच पत्र ॲप्लिकेशनच्या हाती येते. गूगलच्या ॲप इंजिनमध्ये २००९ पासून ही सोय झाली होती. प्रत्येक अर्जदाराला जाणाऱ्या पत्रात परतीचा पत्ता निराळा, त्याचा अर्ज क्रमांक आणि न ओळखता येणारी काही अक्षरे घालून केलेला, असा देता येतो. मग पालकाने नुसते ‘उत्तर द्या’ हे बटण दाबले, तरी ते उत्तर बरोबर त्याच अर्जाला जाऊन चिकटते. परत आलेली पत्रेही अशीच हिशेबात घेता येतात, आणि कोणाला फोन करायला हवा याची यादी कार्यालयाला त्याच दिवशी मिळते.

मात्र येणारे टपाल घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. ॲप्लिकेशनने वेळेवर ‘मिळाले’ म्हटले नाही, तर सेवा तेच पत्र पुन्हा आणून देते. तेव्हा एकच अर्ज दोनदा नोंदला जाऊ नये, म्हणून पत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक तपासावा. आलेल्या पत्राला आपोआप उत्तर जात असेल आणि पलीकडेही तसेच यंत्र बसले असेल, तर दोघांचे ‘मिळाले, मिळाले’ रात्रभर चालते. म्हणून आपोआप आलेल्या उत्तराला आपोआप उत्तर देऊ नये. फोटो आणि दाखले जोडताना लक्षात ठेवावे, की टपालात तीन अक्षरांची चार होतात, १८ एम.बी.ची फाइल वाटेत २४ एम.बी.ची होते, आणि जीमेल २५ एम.बी.पर्यंतच पाठवू देते. सर्वांत मुख्य पथ्य हे : ‘माझा बँकेचा खातेक्रमांक बदला’ असे पत्र आले, तर केवळ वरचे नाव पाहून ते मानू नये. त्या माणसाला आधीपासून नोंदलेल्या फोनवर विचारूनच बदल करावा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांकडे शाळेच्या ॲप्लिकेशनची जबाबदारी असते. ते करून देणाऱ्याला इतके प्रश्न जरूर विचारा. पत्रे कोणत्या सेवेतून जातात, आणि दिवसाची मर्यादा किती? तिन्ही खुणा केल्या आहेत का? परत आलेली पत्रे कोणाला दिसतात? उत्तर लिहिले तर ते कोणाकडे जाते? या चारांपैकी एकाचेही उत्तर ‘बघावे लागेल’ असे आले, तर प्रवेशाची तारीख येण्याआधीच ते बघून घ्यावे. आणि ज्या पत्रावर कोणाचे वर्ष अवलंबून आहे, ते एकट्या ई-मेलच्या भरवशावर सोडू नये. शाळेच्या फलकावर यादी लावा, संदेश पाठवा, आणि ज्यांच्याकडून काहीच कळले नाही त्यांना फोन करा. फोन करायला माणूस लागतो, हे खरे. पण ४०० पैकी ४० जणांनाच तो करायचा असतो.

आणि श्रोतेहो, आपण पत्र घेणाऱ्यांनी काय करायचे? अर्ज केला असेल, तर आठवड्यातून दोनदा स्पॅमचा कप्पा उघडून पाहा. कामाचे पत्र तिथे सापडले, तर ‘हे स्पॅम नाही’ असे बटण दाबा. त्याने पुढची पत्रे नीट येण्यास मदत होते. पत्त्यातले ॲट चिन्हापुढचे नाव शेवटाकडून वाचा. खरी मालकी शेवटाकडे असते. सरकारी कचेरीच्या नावाने पत्र आले आणि शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ दिसले नाही, तर थांबून चौकशी करा. आणि एक गोष्ट विसरू नका. तिन्ही खुणा जुळल्या म्हणजे पत्र त्या डोमेनवरून आले, इतकेच सिद्ध होते. त्या डोमेनचा मालक सज्जन आहे, असे काही त्यावरून ठरत नाही. लबाडही स्वतःचे डोमेन विकत घेतो आणि त्यावर रीतसर मोहर उठवतो. म्हणून पैसे मागणारे किंवा परवलीचा आकडा विचारणारे पत्र आले, की त्यातल्या दुव्यावर बोट न लावता, संस्थेचा आपल्याला ठाऊक असलेला फोन लावावा.

अर्ज भरताना पत्ता स्वतः वाचून पाहा, दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. घरातल्या शाळकरी मुलाला समोर बसवून तो मोठ्याने वाचायला सांगा. आणि ठरलेल्या मुदतीत काही कळले नाही, तर ‘अजून पत्र नाही’ म्हणून घरी वाट पाहत बसू नका. कार्यालयात जा आणि अर्ज क्रमांक सांगून विचारा. ‘आम्ही पाठवले होते’ एवढे ऐकून परतू नका. कोणत्या पत्त्यावर पाठवले आणि ते परत आले का, हेही विचारा. असे विचारणाऱ्याला त्याच दिवशी आपले पत्र सापडण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि कार्यालयालाही आपल्या यादीतली चूक कळते.